ग्रीस बाहेर आलं म्हणजे आत पोचलं?

बडोद्याला मकरपुऱ्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये खालच्या रोलचा चॉक, म्हणजे रोलचं टोक पेलणारा बेअरिंगचा ठोकळा, तापला. टेंपरेचर गनवर 96 अंश, त्याच रोलच्या दुसऱ्या टोकाला 58. सुपरवायझर म्हणाले, “ग्रीस मारा.” मारलं. सीलमधून ताजं ग्रीस बाहेर आलं, आकडा जागचा हलला नाही. ग्रीस जास्त झालं तरी बेअरिंग तापतं, पण जादाचं बाहेर पडलं की काही तासांत आकडा उतरतो. हा उतरेना. तेव्हाच मिल थांबवायला हवी होती. थांबवली ती अर्ध्या शिफ्टनंतर, आवाज बदलल्यावर.

ग्रीसचं रजिस्टर चाळलं. बेअरिंग रोलरच्या चार ओळींचं, 220×310×192 मिलिमीटर. बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले 0.005, म्हणजे एका वेळचं ग्रीस सुमारे 300 ग्रॅम. ग्रीस गनचे 10 स्ट्रोक वजनकाट्यावर घेतले, 12 ग्रॅम भरले. शिफ्टला 20 स्ट्रोक, दिवसाला तीन शिफ्ट. चार दिवसांत जवळपास तेवढं जातं. सह्या रोजच्या होत्या आणि खऱ्या होत्या.

चॉक उघडला. काठाच्या ओळींना सीलकडून झिरपलेल्या ग्रीसचा ओलावा होता, मधल्या दोन करपून निळ्या पडलेल्या. चॉकला ग्रीस भरायची दोन तोंडं, म्हणजे निपल, एक सीलचा, एक बेअरिंगचा. बेअरिंगच्या वाटेवर बाहेरच्या रिंगला खाच आणि खाचेत भोकं. एका भोकात तार घातली, तर मेणबत्तीच्या तुकड्यासारखी काळी कांडी निघाली. ग्रीसमधलं तेल निथळून गेलेलं, मागे नुसता त्याला घट्ट ठेवणारा साबण. तो निपल गनला जड जायचा, म्हणून हेल्पर सगळे स्ट्रोक सीलच्या निपलला देत होता. “साहेब, बाहेर येतं ना, म्हणजे भरलं,” तो म्हणाला. आम्हीच त्याला तसं शिकवलं होतं.

रोल आणि चॉक तपासून बसवणाऱ्या रोल शॉपचा मात्र राग आला. बाहेरच्या रिंगवर चार भागांच्या खुणा असतात. रोलचा भार एकाच बाजूने येतो, म्हणून दर तपासणीला रिंग पाव फेरा फिरवून बसवायची. ही बसवल्यापासून पहिल्याच खुणेवर होती, तिथला रोलर धावायचा ट्रॅक सोलून निघालेला. वेळच्या वेळी फिरवली असती तर बुजलेली भोकंही तेव्हाच दिसली असती.

आता दोन्ही निपलना वेगवेगळे रंग दिलेत. गन जड लागली की स्ट्रोक थांबवून कळवायचं. पण चालत्या मिलमध्ये ग्रीस मधल्या ओळींपर्यंत गेलं हे ओळखायचं कशावरून? गनला प्रेशर गेज बसवलाय. वाट मोकळी असताना काटा कुठवर जातो, ते एकेका चॉकवर लिहून ठेवतोय.