सत्तरीतल्या माणसाची गाडी : आधी सीट, मग बाकी सगळं

ठाण्यात राम मारुती रोडवर किंवा वाशीत सेक्टर १७ मध्ये सकाळी अकराच्या सुमारास ज्येष्ठ मंडळी ज्या गाड्या चालवताना दिसतात, त्यांत वॅगन-आर, जुनी आय-टेन, जॅझ, टियागो आणि अलीकडे टाटाची पंच यांचीच गर्दी असते. घरातली मुलं म्हणत असतात, "बाबा, घेताय तर मोठी एसयूव्ही घ्या." बाबा ऐकत नाहीत, आणि बहुतेक वेळा बाबांचंच बरोबर असतं. वरवर पाहता ही निवड किमतीवरून किंवा मायलेजवरून झालेली वाटते. खरं तर ती गुडघ्यावरून, कमरेवरून आणि सोसायटीच्या रॅम्पवरून होते, आणि तशीच व्हायला हवी.

शोरूममध्ये गेल्यावर बॉनेट उघडायच्या आधी दार उघडा. सीटकडे पाठ करून उभे राहा. सीटची कड मांडीच्या साधारण मधोमध लागली पाहिजे. ती गुडघ्याच्या मागे खोबणीत लागत असेल तर गाडी बुटकी आहे. अशा गाडीत बसताना माणूस शेवटचे चार बोटं अंतर धपकन पडतो आणि उतरताना स्टिअरिंगला लोंबकळून वर येतो. लांबलचक सेडान गाड्यांची हीच अडचण. उलट कड नितंबाला टेकत असेल तर टाचा उचलून चढावं लागेल, आणि बसल्यावर पाय जमिनीला लागण्याआधी घसरावं लागेल. मोठ्या एसयूव्हीत हेच होतं. वॅगन-आरची उंची १६७५ मिमी, पंचची १६१५. या मधल्या उंचीच्या गाड्यांत माणूस चढतही नाही आणि उतरतही नाही, फक्त आडवा सरकतो. गुडघ्याला तेवढंच सोसतं.

यात एक गोष्ट हमखास राहून जाते. शोरूममध्ये दार पूर्ण उघडून बसायला देतात. आपल्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीमुळे दार पहिल्या खाचेपर्यंतच उघडतं. म्हणून चाचणी पहिल्या खाचेवरच घ्या. पंचची दारं ९० अंशांत उघडतात हे खरं, पण त्याचा उपयोग मोकळ्या जागेतच. दाराखालचा उंबरा किती रुंद आहे तेही पाहा, कारण पाय त्याच्यावरून उचलून आत घ्यायचा असतो. चालकाच्या डोक्यावर धरायला हँडल बऱ्याच गाड्यांत नसतंच. मग हात दाराच्या काचेवर किंवा स्टिअरिंगवर जातो, आणि दार हलतं, तोलही जातो. हँडल नसेल तर सीटची उंची आणखी महत्त्वाची. सीट वरखाली करायची सोय बऱ्याचदा वरच्या व्हेरिएंटमध्येच मिळते. त्यासाठी जास्तीचे पैसे टाकावेत, सनरूफसाठी नकोत. एसीला गोल फिरवायची बटणं असावीत. टचस्क्रीनवर तापमान कमी करताना नजर रस्त्यावरून हटते, आणि वय झालं की ती परत जागेवर यायलाही वेळ लागतो.

आता पार्किंग. घोडबंदर रोडच्या टॉवरांत, पोखरण रोड नंबर २ वर, नेरुळ-सीवूड्सच्या नव्या इमारतींत स्टॅक पार्किंग असतं, म्हणजे यंत्राने गाड्या एकीवर एक ठेवायची सोय. तिथे गाडी किती उंच चालेल याचा बोर्ड यंत्रावरच लावलेला असतो. तो वाचल्याशिवाय बुकिंग करू नका. सेडानसाठी बनवलेल्या खणात वॅगन-आर आणि पंच बहुधा बसत नाहीत. तिथे टियागो (१५३५ मिमी), स्विफ्ट (१५२०) किंवा बलेनो (१५००) बघावी लागते, मग सीट थोडी खाली असली तरी. छतावरचा अँटेना आणि कॅरिअर मापात धरायला विसरू नका. नौपाडा, पाचपाखाडीच्या जुन्या इमारतींत उंचीचा नाही, रुंदीचा प्रश्न. वॅगन-आर १६२० मिमी रुंद, स्विफ्ट १७३५, बलेनो १७४५, आणि हे आरसे सोडून. गेटच्या दोन खांबांमध्ये टेप लावा, आरसे उघडे ठेवून दोन्हीकडे वीतभर जागा राहते का बघा. जागा त्याहून कमी असेल तर बंपरचा कोपरा कधी ना कधी खांबाला लागणारच.

क्लचबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत डावा पाय किती वेळा क्लचवर जातो याचा विचार केला की ऑटोमॅटिकचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. पण ऑटोमॅटिकमध्ये प्रकार आहेत, आणि सगळ्यांत स्वस्त असते ती एएमटी. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच प्लेटसुद्धा तशीच. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम फक्त यंत्र करतं. म्हणून गिअर बदलताना गाडी किंचित अडखळते. त्याची सवय होते. खरी परीक्षा असते बेसमेंटच्या रॅम्पवर.

वॉचमन वरून हात दाखवतो, गाडी रॅम्पच्या मध्यावर थांबते. अनेकजण तेव्हा ॲक्सिलरेटर हलकासा दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरतात. त्या वेळी क्लच प्लेट सारखी घासत असते, तापते, करपट वास येतो. महिनोन्‌महिने असं झालं की प्लेट वेळेआधीच बदलावी लागते. योग्य पद्धत अशी: ब्रेक पूर्ण दाबून थांबा, फार वेळ लागणार असेल तर हँडब्रेक ओढा. निघताना हँडब्रेक ओढलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबा, गाडीने पुढे जोर लावल्याचं जाणवलं की हँडब्रेक सोडा. हिल होल्ड असेल तर पाय ब्रेकवरून काढल्यावर गाडी दोनेक सेकंद धरून ठेवली जाते, तेवढ्यात निघायचं. टेस्ट ड्राइव्ह रस्त्यावर घेऊन काही कळत नाही. गाडी तुमच्या सोसायटीत मागवा आणि रॅम्पवर मध्ये थांबवून परत चढवा. रॅम्प फार उभा असेल तर सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दुसरे प्रकार घ्यावेत, जास्त पैसे गेले तरी.

चाळीस वर्षं मॅन्युअल चालवलेल्या माणसासाठी खरा धोका वेगळाच आहे. घाईच्या क्षणी डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि ब्रेकवर आदळतो. गाडी जागेवर थबकते आणि मागचा येऊन आपटतो. याहून वाईट म्हणजे ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला जाणं, आणि ते बहुधा पार्किंगमध्ये होतं. म्हणून पहिले काही दिवस रविवारी सकाळी खारघर-नेरुळच्या रिकाम्या, रुंद रस्त्यांवर सराव करावा. डावा पाय फुटरेस्टवर टेकवून ठेवायचा, तो उचलायचाच नाही. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर रोवायची आणि ॲक्सिलरेटरसाठी फक्त पंजा फिरवायचा. पार्किंगमध्ये ॲक्सिलरेटरला हातच लावायचा नाही, म्हणजे पाय. सपाट जागेवर ब्रेक सैल केला की गाडी आपणहून सरकते, तेवढ्यावर ती लागते. मारुतीच्या एएमटीत पी, म्हणजे गाडी उभी करून ठेवायचा पार्किंग गिअर, नसतो. तिथे हँडब्रेक ओढून, डी (पुढे जायचा) किंवा आर (मागे जायचा) गिअर टाकून मग इंजिन बंद करायचं, आणि पुन्हा सुरू करताना ब्रेक दाबून एन (न्यूट्रल) वर आणायचं. ज्या गाड्यांत पी आहे तिथे उतारावर आधी हँडब्रेक, मग पी. उलट केलं तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या छोट्या अडकणीवर येतं.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर स्टिअरिंगवर कधी बसायचं ते सर्जनलाच विचारा. उजवा गुडघा असेल तर ऑटोमॅटिक असूनही थांबावंच लागतं, कारण जोरात ब्रेक मारण्याची ताकद तिथूनच यायची असते.

डिझेल घेऊ नका. बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलमध्ये एक्झॉस्टच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि ती काजळी जळून जायला गाडी वेगात सलग पळावी लागते. नौपाड्यातून गोखले रोड, तिथून देवळात आणि परत, एवढंच चालणं असेल तर फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. सीएनजी इथे सहज मिळतो, पण वॅगन-आरमध्ये सिलिंडर डिकी खाऊन टाकतो. वॉकर किंवा घडीची व्हीलचेअर न्यायची असेल तर टाटाच्या गाड्यांतली ३०-३० लिटरची दोन सिलिंडरवाली मांडणी बरी, डिकीत जागा उरते. शिवाय गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं. सोबत ज्याला चढ-उतार सोसत नाही असं कुणी असेल तर हे मनात धरा. विजेवरची छोटी गाडी चालवायला सगळ्यांत सोपी, मात्र स्टॅक पार्किंगमध्ये चार्जर लावता येईल का ते आधी सोसायटीला विचारा. एमजीची कॉमेट अवघ्या ४.२ मीटरच्या त्रिज्येत वळते, पण तिला दोनच दारं. मागे बसणाऱ्याने पुढची सीट दुमडून वाकून आत जायचं. दोघांच्या घराला ठीक, नातवंडं पोहोचवायची असतील तर नको.

कमी चालणाऱ्या गाडीचे आजारही वेगळे. आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास चालवा. जागेवर इंजिन सुरू ठेवून बॅटरी नीट भरत नाही. किलोमीटर भरले नाहीत तरी इंजिन ऑइल वर्षाला बदला. टायरवर नक्षी शिल्लक दिसते म्हणून टायर चांगला असं नाही. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटली की रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात पाम बीच रोडवर ब्रेक मारल्यावर ते कळतं. पावसाळ्यात मुलाकडे पुण्याला पंधरा दिवस जाणार असाल तर हँडब्रेक ओढून जाऊ नका, मागचे ब्रेक गंजून चिकटतात. गिअर टाका आणि चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. वायपरचे ब्लेड मे अखेरीस बदला. पुढची काच आतूनही पुसा. समोरच्या गाडीचे दिवे रात्री पसरून दिसतात, त्यात आतल्या धुरकट थराचा मोठा वाटा असतो.

लायसन्सचंही पाहून ठेवा. पंचावन्न ओलांडल्यावर नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होतं, आणि फॉर्म १-ए वर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. मुदत संपण्याआधी वर्षभरापासून अर्ज करता येतो. संपून वर्ष उलटलं तर ड्रायव्हिंगची चाचणी नव्याने द्यावी लागते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर ते आणि नवा चष्मा आधी, फॉर्म १-ए त्यानंतर.