पिग्मी, आरडी आणि पाच पासबुकं

कराडला माझं ब्लाउज शिवण्याचं आणि फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. जुलै २०२४ मध्ये मुलीला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला आणि फी आठवड्याच्या आत भरायची होती. माझी सगळी मदार पिग्मीवर होती, म्हणजे संस्थेचा माणूस रोज दारात येऊन गोळा करतो त्या बचतीवर. सप्टेंबरपासून रोज शंभर रुपये, महिन्याचे साधारण सव्वीस दिवस, असे दहा महिने मी पतसंस्थेत भरत होते. एकूण २६,००० रुपये झाले होते. पिग्मी मोडायला गेले तेव्हा हातात २५,२२० आले. वर्ष पुरं व्हायच्या आत मोडली म्हणून व्याज शून्य, वर तीन टक्के कपात. अर्जावर हे छापलेलं होतं आणि खाली माझीच सही होती.

७८० रुपये गेले त्यापेक्षा एक गोष्ट मनाला जास्त लागली. दहा महिने मी एक दिवसही चुकवला नव्हता, पण पैसा कुठल्या अटीवर ठेवतेय हे मला माहीतच नव्हतं.

त्या रविवारी घरातली सगळी पासबुकं काढून मी जमिनीवर मांडली. पाच निघाली. जनधनचं राष्ट्रीयीकृत बँकेतलं. दुकानाच्या क्यूआर कोडसाठी उघडलेलं खासगी बँकेतलं. नवऱ्याबरोबरचं नागरी सहकारी बँकेतलं. पतसंस्थेचं. आणि एक पोस्टाचं, माहेरच्या नावाचं, वडिलांनी मी कॉलेजात असताना उघडून दिलेलं. मुलीने वहीत रकाने आखले: शिल्लक, व्याजदर, कपात, वारस कोण, शेवटचा व्यवहार कधी. शेवटचे दोन रकाने मला सुचले नसते, ते तिनेच घातले.

खासगी बँकेचा वर्षाचा उतारा बघितला आणि मी गप्पच झाले. व्याज जमा झालं होतं ९४ रुपये. किमान शिल्लक न राखल्याचा दंड, एसएमएसचे पैसे आणि कार्डाची वार्षिक फी मिळून गेले होते १,१८०. त्या खात्यात सरासरी पाच हजारांची अट होती. मला वाटायचं, खातं कधीच पाच हजारांच्या खाली जाता कामा नये. खरं म्हणजे रोज रात्रीच्या शिलकीची बेरीज करून तिला महिन्याच्या दिवसांनी भागतात. तीस दिवसांच्या महिन्यात तीन दिवस पन्नास हजार राहिले तरी अट पुरी होते, आणि महिनाभर साडेचार हजार राहिले तर होत नाही. माझ्यासारख्या, आलेला पैसा लगेच कापडाच्या दुकानात देणाऱ्या बाईला हे खातं परवडणारं नव्हतंच.

मग दरांची तुलना सुरू केली. पहिल्यांदा मी सगळ्यांसारखाच प्रश्न विचारत फिरले, आरडीला, म्हणजे दर महिन्याला ठराविक हप्ता भरायच्या ठेवीला, सगळ्यात जास्त कोण देतं? सहकारी बँकेत तेव्हा एका वर्षाला साडेसहा टक्के होते, दुसरीकडे सात मिळत होते. महिन्याला २,६०० भरले तर वर्षात ३१,२०० होतात, त्यावर साडेसहा टक्के म्हणजे दोन हजारांच्या वर व्याज, असा माझा हिशोब. काउंटरवरच्या मॅडमनी आकडा काढून दाखवला तो १,११४ चा. मला वाटलं काहीतरी चुकलं. त्यांनी शांतपणे समजावलं: पहिला हप्ता बारा महिने राहतो, दुसरा अकरा आणि शेवटचा एकच महिना. पूर्ण रकमेवर पूर्ण वर्षाचं व्याज मिळतच नाही, निम्म्याच्या जरा वर मिळतं. बँक फसवत नाही, पैसाच तेवढे दिवस तिथे नसतो.

हे एकदा कळल्यावर सात टक्क्यांचाही हिशोब मांडला. साडेसहाऐवजी सात टक्के घेतले तर वर्षाला फरक पडत होता ८७ रुपयांचा. आणि माझ्या खासगी खात्यातून वर्षाला १,१८० गळत होते! दरासाठी गावभर फिरण्यात मी दोन दुपारी घालवल्या होत्या. तेवढ्या वेळात ती गळती बंद करणं कितीतरी जास्त मोलाचं होतं. हाच हिशोब उलट बाजूनेही खरा आहे. हातात एकरकमी पैसे असतील तर ते बचत खात्यात ठेवून महिन्याला थोडे थोडे आरडीत सरकवू नयेत, सरळ मुदत ठेव करावी. आरडी महिन्याच्या कमाईसाठी आहे.

दरापेक्षा मोठा मुद्दा तिथेच मॅडमनी काढला. बँकेतल्या ठेवींना विमा असतो, एका बँकेत एका माणसाच्या सगळ्या ठेवी धरून, व्याजासकट पाच लाखांपर्यंत. फेब्रुवारी २०२० च्या आधी तो एक लाखाचा होता. सहकारी बँकेलाही तो लागू आहे. पतसंस्थेला नाही. मी इतकी वर्षं सहकारी बँक आणि पतसंस्था एकच समजत होते. आमची पतसंस्था वाईट आहे असं मला म्हणायचं नाही, माणसं ओळखीची आहेत. पण मुलीच्या शिक्षणाचा पैसा विम्याबाहेर ठेवायचा नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं.

पोस्टाचं प्रकरण जरा लांबलं. तीन आर्थिक वर्षं काही व्यवहार नसल्याने ते खातं बंदसदृश झालं होतं. आधार आणि पॅनवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं. विवाह नोंदणीचा दाखला, केवायसीचा फॉर्म, फोटो असं सगळं घेऊन तीन चकरा झाल्या, पण वडिलांचं ते खातं चालू झालं. पोस्टाच्या बचत खात्याला चार टक्के मिळतात, मात्र मोजायची पद्धत वेगळी. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरतात. बँकांत २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज मोजतात. म्हणून पोस्टात भरायचं तर दहा तारखेच्या आत भरायचं आणि त्यानंतर काढायचं नाही.

पोस्टाची आरडी पाच वर्षांची, ६.७ टक्क्यांची. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण उघडताना जो असेल तो आपल्याला शेवटपर्यंत राहतो. तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, आणि नंतर मुदतीआधी मोडली तर बचत खात्याइतकंच व्याज. म्हणून फीचा पैसा तिथे चालणार नव्हता. तरीही मी महिना ५०० रुपयांची उघडली, मुलीच्या पुढच्या काळासाठी. पंधरा तारखेच्या आत उघडली, त्यामुळे दर महिन्याचा हप्ता पंधरापर्यंत भरायचा. चुकला तर शंभराला एक रुपया दंड. सहा महिन्यांचे एकदम भरले तर महिन्याच्या हप्त्यातल्या दर शंभरामागे एकूण दहा रुपये सूट मिळते. आमच्या धंद्यात दिवाळीला आणि लग्नसराईत पैसा असतो, पितृपक्षात मशीन गप्प असतं. म्हणून दिवाळीत मी सहा हप्ते एकदम भरले, ३,००० ऐवजी २,९५०.

फीसाठी सहकारी बँकेत महिना २,००० ची एक वर्षाची आरडी. पाच तारखेला खात्यातून आपोआप वळती होते. खासगी खातं बंद केलं, पण आधी क्यूआर कोड सहकारी बँकेच्या खात्याला जोडला, आठवडाभर पैसे नीट येतायत बघितलं, मगच अर्ज दिला. उरलेले चेक आणि कार्ड परत करून खातं बंद झाल्याचं पत्र मागून घेतलं. जनधन खात्यात दोन वर्षांत व्यवहार नव्हता, ते केवायसी देऊन सुरू झालं, पैसे लागले नाहीत. त्याच्यावर वारस म्हणून सासूबाईंचं नाव होतं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मुलीचं नाव घातलं. आता त्या खात्यातून फक्त सरकारी विम्यांचे वर्षाचे हप्ते जातात, जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २०. मे महिन्यात तेवढे भरलेले आहेत ना, एवढंच बघते.

सगळ्यात अवघड होतं पिग्मीवाल्या काकांशी बोलणं. २०१९ च्या पुरानंतर दुकान उघडलं तेव्हा पहिल्या संध्याकाळी दारात आलेला माणूस तोच. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले.

"वहिनी, हिशोब बरोबर आहे," ते म्हणाले. "पण एक सांगा, रोजचे शंभर संध्याकाळी गल्ल्यात राहिले तर महिन्याच्या पाच तारखेला उरतील का?"

प्रश्न खरा होता. पिग्मीची सुरुवातच त्यातून झाली. उडुपीत १९२८ साली, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने रोज दोन आणे दारात जाऊन गोळा करायला सुरुवात केली, कारण छोट्या माणसाच्या हातात दोन आणे उरतात ते त्या दिवसापुरतेच. मी पिग्मी पूर्ण बंद केली नाही. रोज पन्नास रुपये ठेवले, पूर्ण मुदतीचे, आणि त्यांच्याकडून नवीन अर्ज पूर्ण वाचून मगच सही केली. बाकीचं मी दर सोमवारी बाजारच्या सुट्टीच्या वेळात स्वतः बँकेत नेऊन भरते. पहिले दोन महिने जड गेलं. नोव्हेंबरपासून सवय झाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये बँकेची आरडी सुटली, २४,८५७ रुपये. दुसऱ्या वर्षाची फी मात्र जुलैतच मागितली होती. कॉलेजने महिनाअखेरपर्यंत, मग आणखी पंधरा दिवस थांबायची तयारी दाखवली, म्हणून आरडी मोडावी लागली नाही. सप्टेंबरच्या पाच तारखेला नवीन काढली ती बाराऐवजी नऊ महिन्यांची, महिना २,५०० ची. ती ५ जूनला सुटते. वहीत मुलीने आता एक सहावा रकाना आखला आहे: पैसे कधी लागणार.