राखेखालचं पेव

आत्याचं सासर हरिपूरचं, सांगलीजवळचं. सुट्टीत तिकडे गेलो की पहिला दम मिळायचा तो ‘पेवांकडे फिरकायचं नाही’ असा. जमिनीत खोल खणलेली ही हळदीची कोठारं. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं आणि खाली पोट सुटलेलं. पेव उघडलं तरी लगेच कुणी आत जात नसे. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर मुकाट्याने थांबायचं. पेव फुटणं म्हणजे काय ते शाळेच्या पुस्तकाआधी मला नाकाने कळलं होतं.

म्हणून अमेरिकेतल्या हिदात्सा या आदिवासी जमातीच्या बायकांची पेवं वाचनात आली तेव्हा मी अंमळ सरसावूनच बसलो. सू भाषाकुळातले लोक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घोडा, पिसांचा टोप आणि कातड्याचा तंबू. सिनेमाची कृपा! तसे लकोटा, म्हणजे खुद्द सू लोकांतलाच एक गट, होतेच. पण त्याच भाषाकुळातले हिदात्सा मिसुरी नदीकाठी, आजच्या नॉर्थ डकोटात, मातीच्या गोल घुमटासारख्या घरांत राहायचे. घर बाईच्या मालकीचं, शेतही तिचंच. मका, घेवडा, भोपळा, सूर्यफूल. रानरेड्याच्या खांद्याचं हाड काठीला बांधलं की झालं कुदळ. कणसं भरू लागली की पोरी मचाणावर बसून पाखरं हाकायच्या आणि मक्याला गाणी म्हणायच्या. मक्याला जीव असतो, त्याला लेकरासारखं जपायचं, अशी समजूत.

हे सगळं सांगितलं बफेलो बर्ड वुमन या बाईंनी. जन्म 1839च्या सुमाराचा. गिल्बर्ट विल्सन नावाचे अभ्यासक लिहून घेत होते, बाईंचा मुलगा दुभाषा, आणि 1917 साली ते छापून आलं. सांगणं असं बारकाईचं, की नव्या सुनेला सासू घर दाखवतेय असं वाटावं.

पेव खणायचं तेही बाईनेच. आकार सुरईचा, आत उतरायला शिडी. भिंतींना वाळलेलं गवत लावायचं. मग कणसांच्या वेण्या. हो, वेण्याच! सोललेल्या कणसांची सालं एकमेकांत गुंफून लांबलचक माळ करायची, एकीत पन्नासेक कणसं. वेणी पक्की झाली का हे पाहायला तिच्यावर पाय देऊन हाताने ओढायचं. या वेण्या भिंतीकडेने रचायच्या, मधे मोकळे दाणे ओतायचे आणि त्या दाण्यांच्या पोटात वाळवलेल्या भोपळ्याच्या माळा. हा भोपळा हाडाच्या सुरीने चकत्या करून, वाळुंजाच्या काड्यांवर ओवून उन्हात सुकवलेला असायचा. आपली वाळवणं आठवावीत असाच सगळा थाट.

थंडीत गाव नदीकाठच्या झाडीत मुक्कामाला जाई आणि हे धान्य मागे राही. मग तोंड झाकून, माती दाबून, वर राख न् केरकचरा पसरायचा. कुणाच्या भीतीने? तर सू लोकांच्या! म्हणजे भाषेच्या नात्याने चुलतभावांच्याच. भाऊबंदकी आपण शोधून काढली हा आपला गैरसमज बरं का.

माझं आवडतं मात्र सूर्यफुलाचं. वसंतात पेरायचं ते सगळ्यांत आधी, शेताच्या कडेने. बिया भाजून कुटायच्या आणि त्या पिठाचा गोळा लढाईवर निघालेला गडी सोबत न्यायचा. दमला की थोडा कुरतडायचा. आमच्याकडे त्याला शिदोरीचा लाडू म्हणाले असते.

पुढे 1953च्या सुमारास गॅरिसन धरण पुरं झालं आणि मिसुरीकाठची त्यांची सुपीक जमीन पाण्याखाली गेली. हरिपूरला 2005च्या महापुरात कृष्णा पेवांत शिरली. हळद भिजली, पेवं ढासळली. आत्या त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाही.

परवा फोनवर तिला हे सगळं सांगितलं. घोडे, पिसं यांत तिला रस नव्हता. लकोटांच्या भीतीवरही नुसतं ‘हं’ म्हणाली. भोपळ्याच्या माळांपाशी मात्र तिने मला थांबवलं.

‘भिंतीला टेकवत नव्हत्या ना?’

‘नाही. मधोमध, दाण्यांत पुरलेल्या.’

‘बरोबर,’ आत्या म्हणाली. ‘भोपळ्याला ओल सोसत नाही. आणि झाकण कशाचं होतं?’