नाताळची सजावट आवरून ठेवताना

आमच्या घरी ६ जानेवारीच्या आधी सजावटीला हात लावायचा नाही, असा आईचा दंडक आहे. पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूच्या दर्शनाला आले, तो प्रकटीकरणाचा सण त्या दिवशी असतो. ते पोचायच्या आत गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, उचलायची कशी? काही घरांत तर ती २ फेब्रुवारीपर्यंत, येशूच्या मंदिरातल्या समर्पणाच्या सणापर्यंत ठेवतात. मला मात्र ६ तारीख बरी वाटते. सण पूर्ण होतो आणि आवरायचा उत्साहही तोवर टिकलेला असतो.

यंदा सामान भरताना मी एक गोष्ट बदलली. ‘झाडाचं’, ‘दाराचं’, ‘खिडकीचं’ अशी वाटणी सोडून दिली आणि वस्तू कशापासून बनली आहे, ते बघून खोकी केली. सजावटीचं सामान आपटून फुटतं त्याहून जास्त नुकसान त्याचं बंद खोक्यात होतं. ओल धरते, रंग एकमेकांना चिकटतात, कीड लागते. वर्षातले जवळपास अकरा महिने या वस्तू खोक्यात असतात, तेव्हा खरी काळजी तिथली घ्यायला हवी.

सर्वांत जास्त वेळ काचेच्या गोळ्यांना दिला, आणि तो द्यायलाच हवा. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या लाउशा गावच्या कारागिरांनी फुंकलेल्या काचेचे हे गोळे नावारूपाला आणले. पद्धत साधारण अशी, की काच फुंकून अगदी पातळ करायची, आतून चांदीचं द्रावण फिरवायचं आणि बाहेरून रंग द्यायचा. हे कळलं की ते पुसायचे कसे, हेही कळतं. ओलं फडकं चालत नाही. बाहेरचा रंग पाण्याने सुटू शकतो आणि टोपीखालून पाणी आत गेलं तर चांदीवर काळे डाग पडतात. मी मऊ, कोरड्या ब्रशने नुसती धूळ झटकली. मग प्रत्येक गोळ्याची टोपी तपासली. टोपीतल्या तारेचे दोन पाय काचेच्या मानेत आतून ताणून बसलेले असतात. ते सैल पडले की गोळा झाडावरून निसटतो. दोन बोटांनी पाय जवळ दाबायचे, तार बाहेर काढायची, पाय थोडे फाकवायचे आणि पुन्हा दाबून आत सोडायचे. मान फार नाजूक असते, म्हणून ओढाओढ करायची नाही. टांगायचे आकडे सगळे काढून वेगळ्या डबीत ठेवले, कारण एका गोळ्याचा आकडा दुसऱ्याचा रंग खरवडतो.

गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नये. त्याची शाई लागते आणि त्या कागदात आम्ल असतं. पांढरा, आम्लविरहित टिश्यू पेपर मिळतो, तो उत्तम. बबल रॅप सुरक्षित वाटतं खरं, पण रंगावर थेट गुंडाळलं आणि खोकं गरम जागी राहिलं, तर त्याचे गोल वळ रंगावर उमटतात. आधी टिश्यू आणि त्यावर बबल रॅप, असं केलं तर हरकत नाही. जड गोळे तळाला, हलके वर आणि खोकं गच्च न भरता मधल्या फटींत कागदाचे बोळे.

दिव्यांच्या माळा काचेपासून आणि प्लॅस्टिकच्या गोळ्यांपासून लांब ठेवल्या. तारेवरचं पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य मिसळतात, ते हळूहळू बाहेर येतं. काही प्लॅस्टिकच्या वस्तूंना लागून अशी तार महिनोन्‌महिने राहिली, की ती चिकटते आणि वस्तूचा पृष्ठभाग विरघळल्यासारखा होतो. गुंडाळण्याआधी प्रत्येक माळ लावून पाहिली. जुन्या पद्धतीच्या माळांत बल्ब एकापुढे एक एकसर जोडणीत असतात. त्यातला एक गेला की अख्खा भाग विझतो, आणि तो शोधायचं काम सणाच्या तोंडावर नको वाटतं. माळ हाताच्या कोपराभोवती गुंडाळली की तारेला पीळ पडतो. म्हणून जाड पुठ्ठ्याला दोन्ही कडांना खाचा पाडल्या, त्यांवर माळ सैल गुंडाळली आणि प्लग सर्वांत शेवटी, वर राहील असा ठेवला. पुढच्या वेळी माळ न उलगडताच लावून बघता येईल. बॅटरीवरच्या दिव्यांतले सेल न चुकता काढले. सेल पाझरला तर डबीतल्या पट्ट्यांवर पांढरी पूड जमते. ती थोड्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून पट्ट्या नीट वाळवल्या, तर बहुतेक वेळा डबी पुन्हा चालते.

झाडाचं काम सोपं. फांद्या खोडाकडे वर दुमडल्या, जुन्या चादरीत गुंडाळून खालून वर सुतळी बांधली. मूळ खोक्यात कोंबत बसण्यापेक्षा लांब पिशवी बरी.

कागदी चांदण्या माझ्या खास आवडीच्या. त्यांच्या मूळ घड्यांवरच दुमडल्या, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून वर सुती फीत बांधली. रबरबँड लावायचं नाही, ते काही महिन्यांत चिकट होऊन कागदाला धरून बसतं. चिकटपट्टीचे तुकडेही आधीच काढून टाकले. मेणबत्त्या वितळण्याइतकी उष्णता नसली तरी मऊ पडून वाकतात, म्हणून कागदात गुंडाळून आडव्या आणि घरातल्या सर्वांत थंड कपाटात. सुरूचे शंकू आणि वाळवलेली फळं घट्ट बंद पिशवीत घालून पंधरा दिवस फ्रीझरमध्ये ठेवली, म्हणजे आत कीड असली तर मरते. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही. आतलं सामान खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर त्यावर दव धरतं.

गव्हाणीचं खोकं आई स्वतः भरते. मी फक्त कागद फाडून देते. मूर्ती प्लॅस्टरच्या आहेत, आणि प्लॅस्टर ओल शोषतं, म्हणून त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधत नाही. मेंढपाळाची बोटं, कोकराचे पाय, देवदूताच्या पंखांची टोकं यांच्याभोवती टिश्यूच्या बारीक वळकट्या आधी बसवते आणि मग अख्खी मूर्ती गुंडाळून पाठीवर निजवते. बाळ येशूची मूर्ती सर्वांत शेवटी, छोट्या डबीत. “पेंढा टाकून दे गं, नवा घालू,” असं दरवर्षी म्हणते आणि ते बरोबरच आहे. पेंढा आणि शेवाळ साठवलं की बुरशी आणि किडे यांना आवतणच.

खोकी छताला लागून असलेल्या पोटमाळ्यावर किंवा थेट जमिनीवर नको. एका जागी फार उष्णता, दुसऱ्या जागी ओल. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली तर बुरशीला अनुकूल परिस्थिती तयार होते, म्हणून घराच्या आतल्या भिंतीलगतचं कपाट निवडलं. प्रत्येक बंद डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकली. रंग पालटला की पुडी बदलायची.

चिठ्ठ्या खोक्याच्या झाकणावर न लावता समोरच्या बाजूला लावल्या, म्हणजे एकावर एक ठेवली तरी वाचता येतात. काय आहे त्यासोबत ते केव्हा लागेल, हेही लिहिलं. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, म्हणजे त्याचं पुष्पचक्र आणि चार मेणबत्त्या बाकी सगळ्याच्या आधी लागणार. पुष्पचक्राची डबी म्हणून कपाटाच्या दाराशी, सर्वांत पुढे ठेवली आणि मेणबत्त्या कुठल्या कपाटात आहेत ते त्याच चिठ्ठीवर लिहून टाकलं.