बोनसवर चाळीस टक्के का कापले?

एप्रिलचा पगार झाला की मला हमखास फोन येतात. "ताई, बोनस सहा हजार पौंडांचा जाहीर झाला आणि हातात आले छत्तीसशे. इथे बोनसवर वेगळा टॅक्स असतो का?" मी ब्रिटनमध्ये पे-रोलचं, म्हणजे पगाराच्या हिशेबाचं काम करते, त्यामुळे आपल्या मंडळींना हे विचारायला मीच आठवते. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

वेगळा टॅक्स नसतो. बोनस म्हणजे पगारच. ज्या महिन्यात मिळतो, त्या महिन्याच्या पगारात मिळवून पीएवायई (पे ॲज यू अर्न) पद्धतीने कंपनीच कर कापते. गोंधळ होतो तो या पद्धतीमुळे. भारतात कंपनी वर्षभराचं उत्पन्न अंदाजाने धरते, गुंतवणुकीचं डिक्लरेशन घेते आणि सरासरी दराने टीडीएस कापते. इथलं पे-रोल पुढच्या महिन्यांचा विचारच करत नाही. करवर्ष सुरू होतं त्या ६ एप्रिलपासून आजवर तुम्हाला किती मिळालं आणि तेवढ्या महिन्यांच्या वाट्याला किती सवलत आली, एवढाच हिशेब.

२०२५-२६ चे आकडे घेऊ. (स्कॉटलंडचे आयकराचे दर निराळे आहेत, ते इथे धरलेले नाहीत.) पगार महिना ३,००० पौंड, टॅक्स कोड (तुमची करमुक्त रक्कम किती, ते कंपनीला सांगणारा) १२५७एल. वर्षाचे १२,५७० पौंड करमुक्त, म्हणजे महिन्याला साधारण १,०४८. त्यापुढचे महिन्याला ३,१४२ पौंड २० टक्क्यांत, वरचे ४० टक्क्यांत. एरवी कर जातो ३९० पौंड. एप्रिलमध्ये सहा हजारांचा बोनस आला की त्या महिन्याचा पगार होतो ९,००० आणि सुमारे ४,८०० पौंड थेट ४० टक्क्यांत जाऊन बसतात. कर होतो जवळजवळ २,५५०.

पण वर्षाचं उत्पन्न तर ४२,००० च आहे. ४० टक्के लागतात ५०,२७० च्या पुढे. म्हणून मे महिन्यापासून तेच पे-रोल चूक भरून काढायला लागतं. मेमध्ये ३९० ऐवजी १५२ पौंडच कर जातो, जून, जुलै, ऑगस्टमध्येही तसंच. सप्टेंबरपर्यंत जादा गेलेले सगळे पैसे परत आलेले असतात. अर्ज नाही, फोन नाही. हाच बोनस मार्चमध्ये मिळाला असता, तर पहिल्याच फटक्यात २० टक्केच कापले गेले असते.

नॅशनल इन्शुरन्स (एनआय) म्हणजे पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी. तिचं गणित मात्र महिन्यापुरतंच असतं, मागचं-पुढचं काही नाही. महिन्याला साधारण १,०४८ च्या पुढे ४,१८९ पौंडांपर्यंत ८ टक्के, त्याच्या वरच्या रकमेवर २ टक्के. त्यामुळे या बोनसवर एनआय जातो फक्त १९१ पौंड. हेच सहा हजार बारा महिन्यांच्या पगारात विभागून मिळाले असते, तर ४८० गेले असते. बोनसवर सरकार जास्त कापतं असं सगळे म्हणतात, पण इथे तो स्वस्तात सुटतो आणि वाचलेले पैसे कायमचे वाचतात.

आता पेस्लिप काढा आणि टॅक्स कोडच्या शेवटी एम१ आहे का ते बघा. असेल, तर पे-रोल प्रत्येक महिना सुटा धरतं आणि जादा कापलेलं पुढच्या महिन्यांत परत येत नाही. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलून नव्या कंपनीला पी४५ (नोकरी सोडताना जुनी कंपनी देते तो पगार आणि कराचा दाखला) दिला नसेल, तर असा कोड लागतो. एचएमआरसीकडून, म्हणजे इथल्या कर खात्याकडून, तो दुरुस्त करून घ्या. भारतातून नव्याने येणाऱ्यांनी स्टार्टर चेकलिस्ट (नव्या नोकरीत भरायचा फॉर्म) घाईत भरू नये, असं मी कळकळीने सांगते. कुठल्या चौकोनात खूण करता, त्यावर तुमचा कोड ठरतो.

खरा फटका बसतो वर्षाच्या एक लाख पौंड कमाईच्या आसपास. तिथून पुढे दर दोन पौंडांमागे एक पौंड करमुक्त रक्कम कमी होते आणि १,२५,१४० पर्यंतच्या कमाईवर कर प्रत्यक्षात ६० टक्के पडतो, वर २ टक्के एनआय. पगार ९६,००० आणि बोनस १०,००० असेल, तर वरच्या सहा हजारांतले जेमतेम २,२८० हातात येतात. घरात नर्सरीत जाणारं मूल असेल, तर नोकरदार पालकांसाठीचे सरकारी मदतीचे नर्सरीचे तासही जातात, कारण ती एक लाखाची मर्यादा आई-वडिलांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र लागते. अशा वेळी तेवढा बोनस सरळ पेन्शनमध्ये वळवा. मात्र बोनस देय होण्याआधी कंपनीला लेखी कळवायला हवं, आणि बहुतेकांना हे नंतर कळतं याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. वेळ गेली असेल, तर ५ एप्रिलच्या आत स्वतः पेन्शनमध्ये पैसे भरा. एनआय वाचणार नाही, पण आयकर वाचेल.

नोकरी सोडल्यावर, पी४५ हातात पडल्यानंतर जुन्या कंपनीकडून बोनस आला, तर त्याला ०टी कोड लागतो. करमुक्त रक्कम शून्य. तो बोनस पी४५ वर दिसत नाही आणि नवीन पी४५ देतही नाहीत. त्याची पेस्लिप तेवढी जपून ठेवा, जादा गेलेला कर एचएमआरसीकडे मागताना तीच दाखवावी लागते.