एकशे चौदा की एकशे सतरा?

दादरला मी मोडी कागद वाचून देते. येणारे कागद बहुतेक जमिनीचे, नाहीतर दत्तकपत्रं. परवा काळाचौकीहून ऐंशी ओलांडलेल्या एक आजी नातवासोबत आल्या. सासऱ्यांचे दोन कागद होते: फौजेतून सुटल्याचा इंग्रजी दाखला आणि १९१६ सालचं बसऱ्याचं मोडी पत्र. दाखल्यावर पलटण ११४ मराठा, पत्रात ११७.

"ते कूटच्या वेढ्याचं सांगायचे," आजी म्हणाल्या. (कूट म्हणजे आजच्या इराकमधलं गाव; पहिल्या महायुद्धात तुर्कांनी तिथे इंग्रजांच्या हिंदी फौजेला वेढलं होतं.) "पण गावात कैदेतून सुटून आलेले होते ना, ते म्हणायचे, हा आत नव्हताच, थापा मारतो. मरेपर्यंत ऐकून घेतलं हो त्यांनी."

पत्र घडीवर झिजलं होतं. भिंग धरलं, कागद खिडकीकडे तिरका केला. सातच होता, शंका नको. आणि पुढे ही ओळ: 'आमची पलटण कुटांत, आम्ही बाहेर. वाट बंद. निरनिराळे पलटणींची माणसें मिळोन येक पलटण केली.'

माझ्या अंगावर काटा आला.

तेव्हा प्रत्येक पलटणीचा डेपो हिंदुस्थानात असे. माणसं पडली की तिथून शिकवलेल्या रंगरुटांची तुकडी कुमक म्हणून जायची. सरहद्दीवरच्या चकमकींना हे पुरत होतं. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये पलटणी आठवड्यांत रिकाम्या झाल्या, बोलावलेले राखीव शिपाई कित्येक वयस्क निघाले. मग एका पलटणीची माणसं दुसरीला द्यायची वेळ आली. जमेल तिथे मराठ्यांना मराठेच. सासरे असेच ११४ मधून ११७ कडे निघालेले.

७ डिसेंबर १९१५ ला कूटला वेढा पडला. ११७ आत, १०३ आणि ११० याही आत. त्यांची कुमक बाहेर अडकली. बाहेरच्या अशा माणसांच्या तात्पुरत्या पलटणी उभ्या केल्या. नॉरफोक आणि डॉर्सेटच्या गोऱ्या शिपायांची 'नॉरसेट्स' त्यातलीच. वेढा फोडायला या पलटणी चिखलातून पुढे घातल्या. २९ एप्रिल १९१६ ला आतल्या सुमारे १३,००० जणांनी शस्त्रं ठेवली. त्यांना सोडवताना बाहेरचे सुमारे २३,००० मेले किंवा जखमी झाले.

कुमकेच्या शिपायाचं हे मला फार लागतं. पहिली पलटण त्याला पाठवून मोकळी, दुसरीने त्याचं तोंडही पाहिलं नाही. मग त्याची साक्ष द्यायची कोणी?

१९२२ मध्ये मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आणल्या. ११७ पाचवी बटालियन झाली आणि ११४ दहावी, जिचं कामच बाकीच्यांसाठी रंगरूट तयार करणं.

नातवाला सांगितलं, कैद्यांच्या यादीत शोधू नकोस. आजींनी मात्र सगळं मोठ्या अक्षरात लिहून मागितलं, तारखांसकट. त्या म्हाताऱ्यांची नातवंडं अजून गावी आहेत, त्यांच्या घरी एकेक प्रत द्यायची म्हणाल्या. मी पाच प्रती काढून दिल्या.