इस्त्रीवाल्याची टपरी

मंगळसूत्र गेलं ती जागा काकूंनी चपलेच्या टोकाने दाखवली. “इथं. खूप ओरडले, पण ऐकायला होतं कोण?”

कोथरूडमधली आतली गल्ली, संध्याकाळचे साडेसात. सोसायटीच्या कुंपणभिंतीलगतचा जेमतेम तीस मीटरचा पट्टा, आणि पाच महिन्यांत तिथेच दोनदा हिसकाहिसकी. मी आर्किटेक्ट. कमिटीला माझ्याकडून एवढंच हवं होतं: भिंत आणखी दोन फूट कशी चढवायची आणि कॅमेरे कुठे लावायचे.

मी आधी लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, काढलं. खांबाखाली ३८ लक्स, दहा पावलांवर गुलमोहराखाली २. लोक म्हणतात मोठा दिवा लावा, पण घात करतो तो हा फरक. उजेडातून आलेल्या डोळ्यांना सावलीतलं काही वेळ दिसतच नाही. त्यात गेटवरचा फ्लडलाइट गल्लीच्या तोंडावर रोखलेला. सेक्रेटरींना गल्लीत उभं केलं आणि दिवा पाठीशी घेऊन मी गेटकडून चालत आले. “चेहरा ओळखू आला की हात वर करा.” हात वर गेला तेव्हा आमच्यात चार पावलं उरली होती. निदान पंधरा तरी हवीत, बाईमाणसाला वेळीच मागे फिरता येईल इतकी.

मग भिंत. नियमाने दर्शनी भिंत दीड मीटर, २.४ मीटरपर्यंत जायचं तर वरचे ०.९ मीटर आरपार दिसेल असे हवेत. फार शहाणपणाची अट आहे ती. इथे पहिल्या चोरीनंतर सरळ सात फूट भरीव भिंत उभी केली होती. चोर भिंत ओलांडून आलाच नव्हता. मोटारसायकलवर रस्त्याने आला, रस्त्याने गेला. भिंतीने झाकलं ते फक्त काकूंना. आत स्टिल्ट पार्किंग, म्हणजे तळमजल्यावर एकही खिडकी नाही. वरच्या बेडरूम एसीमुळे बंद. वॉचमनच्या केबिनची खिडकी गाड्यांकडे.

निघताना काकू सहज म्हणाल्या, “तो इस्त्रीवाला होता तेव्हा असं काही नव्हतं हो.”

कोपऱ्यावर त्याची पत्र्याची टपरी होती, रात्री साडेनऊपर्यंत दिवा. कुणाचं पोर कुठे गेलं, कोणती गाडी अनोळखी, सगळं त्याला ठाऊक. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्सने १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानदारांबद्दल हेच मांडलं: फुटपाथ सांभाळतात ते मुख्यतः पोलीस नव्हेत, तिथे ज्यांचं स्वतःचं काही आहे ती माणसं. कॉलेजात यावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं.

पुनर्विकासाचा नकाशा आमच्याच ऑफिसचा. घरी येऊन उघडला. गेटजवळ तुटक रेघांचा चौकोन, शेजारी माझी नोंद: ‘टपरी हटवणे’. तेव्हा क्षणभरही विचार केला नव्हता.

अहवालात लिहिलं: भिंत दीड मीटरवर आणून वर जाळी, केबिनला रस्त्याकडे खिडकी, दिव्याचा झोत जमिनीवर, फांद्या डोक्याच्या वर (त्यासाठीही महापालिकेची परवानगी काढावी लागते), आणि गेटलगत इस्त्रीवाल्याला जागा. चेअरमन चिडले. “मॅडम, आम्ही सुरक्षा मागितली, तुम्ही भिंत पाडायला सांगताय!” आठ दिवसांत कॅमेरे लागले. कॅमेरा हाकेला धावून येत नाही, हे मी दोन बैठकांत सांगून थकले.

इस्त्रीवाला हल्ली दोन गल्ल्या सोडून बसतो. परवा भेटून आले. “भाडं देईन, सांगा त्यांना,” म्हणाला. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव येतोय. सूचक म्हणून काकूंनी सही केली आहे.